दोष नळीचा

नेमबाजीच्या हॉलबाहेर पिस्तुलं परत करायची रांग हलायचं नाव घेत नव्हती. दातांच्या डॉक्टरीणबाई आपला भोकं पडलेला कागद हातात धरून उभ्या होत्या. त्यांच्या मागे एक सासरे आणि त्यांचे जावई.

“जावईबापू, चूक माझी नाही. नळी लांब पडली. पुढून जड होते, हात खाली येतो.”

“पण बाबा, सकाळी तुम्हीच म्हणालात, लांब नळीचंच हवं. आखूड म्हणजे खेळणं.”

“सकाळी मी ते हातात कुठे धरलं होतं?”

“शिक्षक म्हणाले, लांब नळीवर नेम धरायला सोपं जातं. आखूड असली की हात जरासा हलला तरी गोळी भलतीकडे.”

“त्यांना काय जातंय बोलायला! चाळीस वर्षं हाताखाली माणसं वागवली मी. मला एक पिस्तूल कळत नाही?”

“दहा गोळ्या झाडल्यात, बाबा. तुमचा कागद कोरा करकरीत.”

“तेच तर सांगतोय! माणसाकडून एखादी तरी चुकून लागतेच. एकही नाही, म्हणजे दोष पिस्तुलाचा. आपण आखूडच घेऊ.”

“डोळे एकदा तपासून घ्यायचे का?”

“डोळ्यांचं नाव काढू नका. पाचव्या लेनवर उभा होतो, तरी समोरच्या कागदावरचा चारचा आकडा लख्ख दिसत होता मला.”



डॉक्टरीणबाईंनी आपल्या चार नंबरच्या कागदावरची भोकं पुन्हा मोजली. त्यांनी दहा गोळ्या झाडल्या होत्या. भोकं वीस होती, आणि बरीचशी अगदी मधोमध. त्यांनी कागदाची नीट घडी घालून ती पर्समध्ये टाकली आणि त्या मागे वळल्या.

“काका, माझं ऐका. लांब नळीचंच घ्या.”