दोनियोरच्या तुळया

ओयडिन: हात लावू नकोस, इल्योर, चावते ती. काल मी अनुभव घेतलाय.

इल्योर: खाला, अकरा वर्षं जंगलखात्यात अळ्याच बघतोय. कुठे सापडली?

ओयडिन: चुलीपाशी. ओंडका फोडला आणि ही बया बाहेर पडली. वाळक्या लाकडातलीच असणार. तसं लिही कागदावर आणि चहा घे.

इल्योर: वाळक्या लाकडातल्या किडीचा भुसा पिठासारखा असतो. हा बघा, जाडाभरडा, तंतू सुटलेला.

ओयडिन: मग गेल्या वर्षी जर्दाळूत निघाली होती, ती चपटी असेल.

इल्योर: ती पुढून चमच्यासारखी पसरट असते. ही सगळीकडून सारखी जाड. लांब मिशांच्या भुंग्याची अळी आहे, उभं झाड पोखरते. शेजारी तक्रार करतायत, त्यांच्या विलोच्या झाडांना भोकं पडलीत. हे लाकूड कुठलं?

ओयडिन: बाजारातलं.

इल्योर: साल अजून ओली आहे, खाला. थांबा, खोडातली वर्षांची वलयं मोजतो.

(तो ओंडक्याच्या कापावर नख फिरवत राहतो.)

इल्योर: पंचवीस. तुमचा मुलगा दोनियोर केवढा झाला?

ओयडिन: चहा निवतोय.

इल्योर: खाला.

ओयडिन: जर्दाळू फुलले की सव्विसावं लागेल. पाळण्यात घातला त्याच दिवशी त्याच्या बापानं त्याच्या लग्नाच्या घराच्या तुळयांसाठी सहा पॉप्लर लावले. एक वाऱ्यानं पाडला, तो हा.

इल्योर: माझ्या बापानं लावलेले माझ्या लग्नात तोडले, त्याच तुळयांखाली झोपतो मी. सतरा-अठरा वर्षांत तोडायचे असतात. झाड थकलं की कीड शिरते. तुम्ही का ठेवलेत?

ओयडिन: नवरामुलगा दारात नसताना कुणी तुळया तोडतं का? येईल, घर बांधेल, म्हणून थांबले. काल फोन आला. तिकडे रशियात, कझानमध्ये फ्लॅट घेतलाय, नवव्या मजल्यावर. सिमेंटचं छत आहे म्हणे, पक्कं.

इल्योर: म्हणून ओंडका फोडलात?

ओयडिन: पंधरा दिवस चुलीपाशी होता तो. आत ही कुरतडायची. मी म्हणायचे, चला, घरात कुणीतरी आहे. फोन ठेवला आणि राग आला, घातली कुऱ्हाड.

इल्योर: उरलेले पाचही तोडून जाळावे लागतील, खाला. भुंगे उडायच्या आत. नाहीतर अख्खा मोहल्ला बोडका होईल.

ओयडिन: एखादी तुळईसुद्धा निघणार नाही?

इल्योर: आतून चाळण झालीय. वजन पेलणार नाही.

ओयडिन: बरं.

इल्योर: दोनियोरला मी सांगू का?

ओयडिन: नको. ऐकून त्याला सुटल्यासारखं वाटेल, आणि ते मला फोनवर कळेल.

इल्योर: मग उद्या सकाळी माणसं घेऊन येतो.

ओयडिन: किती येतील ते आत्ताच सांग. तुळया तोडतात त्या दिवशी घरात पुलाव शिजवायचा असतो.