सामन्याच्या दिवशी दिनू रडला नाही

(पुण्यातलं क्रिकेटचं मैदान. बांबूच्या पायऱ्यांवर आम्ही दोघं : मी, इंदू, आणि हे, माझे यजमान रंगराव.)

मी : दिनूला सांभाळायला गोजाबाईकडे ठेवलं, तेव्हा शेजारच्या कौशल्याबाईंनी तर स्पष्टच सांगितलं होतं. "मास्तरीणबाई, गोजाच्या घरात पोरं रडत न्हाईत. जिथं पोरं रडत न्हाईत तिथं आपलं पोर ठिऊ न्हाई." आणि मी हसले होते.

हे : हसलीस ते बरं केलंस. कौशल्याबाईंचं आणि गोजाबाईचं विहिरीवरून वाकडं आहे, साऱ्या चिंचवडला ठाऊक आहे. आता समोर बघ जरा. कुठून कुठून आलेत हे खेळाडू! कारखान्याच्या क्लबानं पास दिले, जोडीनं जा म्हणाले, आणि तू विहिरीवरच्या गोष्टी काढून बसलीस.

मी : बघतेय की. तो गोरा सकाळपासून बॅट धरून उभा आहे. चेंडू येतो, हा अडवतो. परत येतो, परत अडवतो.

हे : त्यालाच खेळ म्हणतात. बोलरला दमवतोय तो.

मी : आणि याचा त्याला पगार मिळतो?

हे : मिळतो तर! पगारी खेळाडू आहेत ते. मी पाळी करतो तसं ते खेळतात.

मी : त्याला बायको असेल ना हो? मूल?

हे : असेल. मला काय विचारतेस?

मी : काही नाही. हा इथं चेंडू अडवत उभा. ती तिकडे.

हे : इंदू, दिनू झाल्यापासून आज पहिल्यांदा आपण दोघं घराबाहेर पडलोय. तूच म्हणायचीस ना, मला कुठं नेत नाही म्हणून? आता आणलंय तर तोंड असं. पुऱ्या काढ डब्यातल्या.

मी : तुम्ही खा. मला नकोत. दूध दाटलंय. त्याची प्यायची वेळ होऊन गेली.

हे : बाटली दिलीस ना बरोबर?

मी : दिली. पण गेल्या खेपेला बाटली तशीच परत आली. गोजाबाई म्हणाली, भूक नव्हती लेकराला. आठ महिन्यांच्या पोराला दिवसभर भूक नाही? दोन दोन दिवस त्याला शी होत नाही. परवा संध्याकाळी कंदील लावला, तर उजेडाकडे बघत होता आणि डोळ्यातली बाहुली केवढीशी! टाचणीच्या डोक्याएवढी.

हे : उजेडात लहान होतेच बाहुली. तूच शिकवतेस ना मुलांना?

मी : मी शिकवते. म्हणून तर कंदील लांब नेऊन पाहिलं. मोठी झाली नाही.

हे : पदर नीट घे. मागच्या पायरीवर आमचे फोरमन आहेत.

मी : पदर ओला झालाय. किती नीट घेऊ?

हे : हळू बोल ग. … वा! वा! बघ, शेवटी मारला की नाही? टाळ्या तरी वाजव.

मी : मी निघते. तुम्ही बसा. मला स्टेशनचा रस्ता ठाऊक आहे.

हे : वेडी आहेस का? चहाची सुट्टीसुद्धा झाली नाही अजून. आणि इतक्या लवकर जाऊन करणार काय? तो काही दिवेलागणीच्या आत उठायचा नाही.

मी : काय म्हणालात?

हे : म्हणजे झोपला असेल.

मी : तसं नाही म्हणालात. दिवेलागणीच्या आत उठायचा नाही, म्हणालात. सकाळी मी सोडलं तेव्हा तो किंचाळत होता. तुम्हाला काय माहीत तो कधी उठणार?

हे : अंदाज.

मी : माझ्याकडे बघून सांगा. त्या बॅटवाल्याकडे नको.

हे : … बाळगोळी देते ती. थोडीशी. मोहरीएवढी.

मी : अफूची?

हे : ओरडू नकोस, लोक बघतात.

मी : तुम्हाला ठाऊक होतं.

हे : अगं, सगळेच देतात. माझ्या आईनं आम्हा पाची भावंडांना दिली. आई रानात जायची, आम्ही घरात झोपलेलो. काय वाईट झालं माझं?

मी : उठा. आत्ता उठा.

❖

हे : बस की खिडकीशी. तू उभी राहून गाडी काही लवकर पोचायची नाही.

मी : तिनं आपणहून दिली, की तुम्ही सांगितलं?

हे : दापोडी गेली. आता फार नाही राहिलं.

मी : मी काहीतरी विचारलं.

हे : रात्रपाळी करून येतो मी. सकाळी तो गोजाबाईकडे असतो, तेवढं ठीक. दुपारी शाळेतून येताना तू त्याला घेऊन येतेस, की रड सुरू. एका खोलीत मी निजायचं कुठं? कानात बोळे घातले, भिंतीकडे तोंड केलं. गेल्या महिन्यात यंत्राच्या पट्ट्यात हात जाता जाता राहिला माझा. झापड आली होती उभ्या उभ्या. ते तुला सांगितलं नाही.

मी : का नाही सांगितलं?

हे : नोकरी सोडते म्हणाली असतीस. बी.ए. झालेल्या बाईला घरी बसवलं म्हणून तुझे वडील मला बोलले असते.

मी : म्हणून त्याला झोपवलंत. आणि मी शाळेत सांगत सुटले, आमचा दिनू किती गुणी! दुपारी आले की झोपलेला असतो, वह्या तपासू देतो. सुमनताई म्हणाल्यासुद्धा, नशीब काढलंत.

हे : तुलाही बरं वाटत होतंच ना?

मी : हो. वाटत होतं. … आज किती दिली?

हे : नेहमीचीच.

मी : रंगराव.

हे : नाव घेतेस माझं? चारचौघांत?

मी : आज किती?

हे : मी म्हणालो, आज आम्हाला उशीर होईल. तर ती म्हणाली, मग दुपारी अजून एक देते. मी म्हणालो, बरं.

मी : सामन्यासाठी.

हे : तुझ्यासाठी! तू निवांत बसावंस म्हणून. मला काय, मी क्लबाच्या पोरांबरोबरही गेलो असतो.

मी : पिंपरी आली. पुढचं आपलंच स्टेशन. सरका, मला दारात उभं राहू द्या.

❖

गोजाबाई : या वैनी! लई लौकर आलासा. दादा म्हनलं हुतं, अंदार पडंल. खेळ संपला व्हय?

मी : दिनू कुठे आहे?

गोजाबाई : हा काय, झोळीत. गाढ हाय. वाईच हळू, उठंल.

मी : उठू दे. दिनू! दिनू, बाळा! … अहो, हा मान टाकतोय. धरा इथं. गोजाबाई, दुसरी गोळी कधी दिलीत?

गोजाबाई : कसली गोळी?

हे : सांगा गोजाबाई. तिला कळलंय.

गोजाबाई : मंग मला कशाला दटावताय, वैनी? दादानं सांगितलं, म्या दिली. जेवनाच्या वक्ताला दिली. माज्या हातानं आजवर एक पोर वाईट झालं न्हाई.

मी : श्वास बघा याचा. घेतो आणि विसरतो. पाणी आणा. गार पाणी!

हे : हे घे. इंदू, त्याचे ओठ…

मी : दिसतात मला. तळपायाला चिमटा काढा. जोरात! माझ्याकडे काय बघताय, काढा!

हे : दुखेल त्याला.

मी : दुखू द्या! दिनू, रड. रड रे राजा. इतके दिवस गप बसलास, आता रड.

गोजाबाई : हललं. पाय हलिवला बगा त्यानं.

मी : अजून काढा.

हे : काढतोय… ऐकलंस? रडला! इंदू, रडला तो!

मी : ही रड आहे? मांजराचं पिलू बरं. पण रडतोय. रड, अजून रड. झोपू द्यायचं नाही त्याला आता. टांगा बघा, डॉक्टरकडे जायचंय.

हे : आता कशाला? जागा झालाय की. डॉक्टरला सांगायचं काय?

मी : ते तुम्ही सांगायचं. मोहरी केवढी असते तेही सांगायचं.

हे : कारखान्यात कळलं तर लोक काय म्हणतील?

मी : म्हणतील, सामना बघायला गेले होते. … गोजाबाई, हे कोण?

गोजाबाई : कुटं?

मी : दाराआड. गोणपाटावर.

गोजाबाई : ती व्हय? ती भिमी. तिची आई कारखान्याच्या नव्या इमारतीवर पाट्या टाकती. सांजच्याला येती न्यायाला.

मी : हिलाही दिलीय?

गोजाबाई : समद्यास्नीच देती. तिच्या आईला ठावं हाय.

मी : उठवा हिला.

गोजाबाई : उठवून काय करू? जागी झाली की दूध मागंल. दूध हाय कुठं?

मी : माझ्याकडे आहे. सकाळपासून वाहतंय. इकडे द्या तिला.

हे : इंदू! काहीतरीच काय! कुणाची पोर, कुठली…

मी : तुम्ही टांगा बघा म्हटलं ना? द्या गोजाबाई.

गोजाबाई : घ्या बाई. कुनी नगं म्हनतंय? पर ती काय तोंड लावायची न्हाई. जाग हाय कुटं तिला?

मी : भिमे. ए भिमे. … ओढत नाही. दूध नुसतं गालावरून खाली जातंय.

हे : झालं समाधान? टांगा उभा आहे. दिनू परत डोळे मिटतोय बघ.

मी : हिलाही घेऊ बरोबर.

गोजाबाई : आन् तिची आई आली म्हंजी? मी काय सांगू, मास्तरीणबाईनं पळवली? पोलीस बोलवंल ती. न्हाई न्हाई, ठिवा तिला हितं.

हे : इंदू, एक तर याला ने, नाहीतर तिच्यापाशी बस. दोन्ही व्हायचं नाही.

मी : चला.

❖

हे : डॉक्टर म्हणाले ना, धोका टळला? मग आता ट्रंक कशाला काढलीस?

मी : मिरजेला जाते. आईकडे.

हे : किती दिवस?

मी : हा माझ्या मांडीवर पोटभर रडेल तोवर.

हे : आणि शाळा?

मी : सुमनताईंना निरोप द्या. सांगा, आमचा गुणी मुलगा आजारी आहे.

हे : मी त्याचं वाईट चिंतलं होतं का ग?

मी : नाही. म्हणूनच मला काही बोलता येत नाही तुम्हाला. आणि हो, रोज सकाळी पाळीवरून येताना त्या भिमीला बघून या. एवढं तरी कराल?

हे : मी? गोजाबाईच्या दारात? आता? ते नाही व्हायचं माझ्याच्यानं, इंदू. तोंड कसं दाखवू?

मी : बरं. … मग मी दुसऱ्या कुणाला तरी सांगते. तुम्ही, हे वाचताय ना, तुम्हालाच. मी आता मिरजेत आहे, दिनू रात्रंदिवस रडतोय आणि शेजारी कंटाळलेत. तुमचं कधी चिंचवडला जाणं झालं, तर स्टेशनावरून गावात शिरताना गोजाबाईचं घर विचारा, कुणीही दाखवेल. दाराआड गोणपाटावर भिमी निजलेली असेल. तुम्ही म्हणाल, किती शांत पोर आहे. तसं म्हणून परत फिरू नका. वाकून तिच्या तळपायाला एक चिमटा काढा, आणि ती रडेपर्यंत थांबा.