मने बघायला आलेले डॉक्टर

आणि वर प्राचार्य म्हणतात, "तुमचं काम काय सर, फक्त आभार मानायचे." फक्त. आता आभार मानणं हे ‘फक्त’ असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी जन्मात कुणाचे आभार मानलेले नसतात बघा. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी सकाळपासून दारात घागरी मांडून टँकरची वाट बघत होतो. त्या वर्षी सगळं उदगीर असंच दारात बसलेलं असायचं, लातूरला आगगाडीनं पाणी येत होतं आणि आमच्या गल्लीत टँकर आला तर आला. तर टँकरच्या ऐवजी आला प्राचार्य व्यंकटरावांचा फोन. "विरूपाक्ष सर, शनिवारी आपल्या कॉलेजात मनाचे डॉक्टर यायलेत. नांदेडच्या एक मॅडम अन् बेंगलोरचे एक शास्त्रज्ञ. पोरांना करिअर सांगणार हाईत. तुम्ही फक्त आभार माना."

मी कॉलेजात मराठी शिकवतो, आणि कॉलेजातले सगळे आभार वर्षानुवर्षं मीच मानत आलोय. आदल्या दिवशी मी रुद्राणीला म्हणून दाखवायचो. रुद्राणी म्हणजे माझी बायको. तिच्या शिवणाच्या खोलीत उभा राहून मी अध्यक्षांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचे आभार मानायचो, ती मशीन चालवता चालवता ऐकायची, आणि शेवटी मान वर न करता म्हणायची, "साउंडवाला राहिला." दर वेळी राहायचाच. मंडपातला सगळा आवाज ज्याच्यामुळे, नेमका तोच राहायचा. दिवाळीनंतर रुद्राणी गेली. तेव्हापासून मी कुणाचे आभार मानलेले नाहीत, आणि कुणी मान म्हणालंही नव्हतं. आता व्यंकटराव म्हणाले. मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार...

तर फोन ठेवला आणि तिथंच घोटाळा झाला. शांतम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. लेक गेल्यावर त्या माझ्याकडेच राहिल्या, म्हणजे मी राहा म्हणालो नाही आणि त्या जाते म्हणाल्या नाहीत. माहेर बिदरकडचं, बोलणं निम्मं कानडी. त्यांनी विचारलं, "येनु? कोण येतंय?" मी म्हणालो, "मनाचे डॉक्टर." त्यांनी ऐकलं, मने डॉक्टर. आता कानडीत मने म्हणजे घर. हे मला माहीत नाही असं नाही, एवढी वर्षं कानडी बायकोबरोबर संसार केला, पण ऐनवेळी माणसाचं डोकं घागरीत असतं.

"त्ये काय करतेत?"

"अहो, एखाद्याचं मन खाली खाली झालं की ते येऊन बघतात."

"मने खाली?"

"हो, खाली."

शांतम्मांनी शेंगांची परडी बाजूला सरकवली आणि आत निघून गेल्या. मला वाटलं, कमरेत कळ आली असेल.

आणि त्यांचंही चूक कसं म्हणावं? त्या दिवसांत उदगीर जिल्हा होणार, होणार, म्हणून गाव नुसतं उकळत होतं. जिल्हा झाला की कलेक्टर येणार, कचेऱ्या येणार, साहेबलोकांना घरं लागणार. आमचे शेजारी शंकरप्पा तर वरच्या मजल्याला गुलाबी रंग देऊन बसले होते, जिल्हा यायच्या आत रंग उडाला. तेव्हा जावई घर खाली करून भाड्यानं देतोय आणि बघायला डॉक्टर येतायत, हे त्या माउलीला अगदी सरळ वाटलं. मला मात्र काही पत्ता नाही. माझं काम फक्त आभार मानायचं.

आता आभारात पहिली अडचण म्हणजे पाहुण्याचा हुद्दा. मानसोपचारतज्ज्ञ वेगळा, मानसशास्त्रज्ञ वेगळा, समुपदेशक वेगळा, मेंदूशास्त्रज्ञ आणखी वेगळा. एकाचा हुद्दा दुसऱ्याला लावला की तुम्ही आभार मानले काय आणि अपमान केला काय, सारखंच. व्यंकटरावांना विचारलं तर ते म्हणतात, "अहो सर, सगळे डोक्याचेच. तुम्ही डोक्याचे डॉक्टर म्हणून मोकळे व्हा." बरं, शास्त्रज्ञाचं नाव काय, तर डॉक्टर दगडोबा. मूळचे देवणीचे. मेंदूचा शास्त्रज्ञ आणि नाव दगडोबा, आता हे मी माइकवर न हसता कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा. म्हटलं, म्हणून बघावं. शनिवारी सकाळी सवयीनं शिवणाच्या खोलीपर्यंत गेलो. दाराला कडी होती. कडीला हात लावला... आणि तिथंच उभं राहून मनातल्या मनात म्हटलं. कुठं चुकलं, काही कळलं नाही.

वळून बघतो तर घर ओलं. सगळी फरशी धुतलेली. ओसरी धुतलेली, पायऱ्या धुतलेल्या. आठवडाभर पुरवायचं टँकरचं पाणी शांतम्मांनी फरशीवर ओतलं होतं आणि पदर खोचून उंबऱ्यात उभ्या होत्या. "घर दावायचं तर सोच्छ दावावं," म्हणाल्या. "आमच्यात घाण घर दावीत न्हाईत." मी म्हणालो, "कुणाला दाखवायचंय?" तेवढ्यात दारात गाडी थांबली. कारण असं की कॉलेजातल्या नळाला पाणी नाही, पाहुण्यांना हातपाय धुवायचे, आणि व्यंकटरावांनी त्यांना पाठवलं कुठं, तर सगळ्यात जवळ माझं घर.

झालं. शांतम्मांनी डॉक्टर पंचशीला मॅडमना धरलं आणि घर दाखवायला सुरुवात केली. "ह्ये सैपाकघर. ह्ये देवघर, लिंगपूजेला बसायला जागा हाय. दक्षिणेकडून वारं येतंय. टाकी मोठी हाय, पाणी न्हाई." मॅडम बिचाऱ्या सगळीकडे मान हलवत गेल्या. मनाच्या डॉक्टर, त्यांना वाटलं म्हाताऱ्या माणसाला कुणी बोलायला नसेल. दगडोबा मागून येत होते, त्यांना शांतम्मांनी विचारलं, "अन् तुमी काय बघताव?" ते म्हणाले, "मी उंदीर बघतो आजी. माझं सगळं काम उंदरांवर." शांतम्मा खूश. "हाईत की. माळ्यावर लई हाईत. बघून घ्या." आता उंदराच्या मेंदूवर बेंगलोरला संशोधन करणाऱ्या माणसाला आमच्या माळ्यावर चढवायचं का नाही, यात मी पडलो नाही. माझं काम फक्त आभार मानायचं.

पण चालत चालत त्या शिवणाच्या खोलीपाशी आल्या आणि शांतम्मा दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "ह्ये ब्याड, ह्ये नको," म्हणाल्या. "सगळं घर घ्या. ही खोली द्यायची न्हाई." मॅडमनी साधं विचारलं, "इथं कोण राहतं?"

त्या म्हणाल्या, "माझी लेक." मी म्हणालो, "कुणी नाही." एकाच वेळी.

मॅडमनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, आता काहीतरी विचारणार. त्या म्हणाल्या, "बरं. राहू द्या." आणि उरलेल्या तांब्याभर पाण्यानं हातपाय धुवायला गेल्या.

कार्यक्रम म्हणाल तर चांगला झाला. दगडोबांनी सांगितलं की लहानपणी त्यांच्या वडिलांनी लोह्याच्या बाजारात देवणी बैल विकला आणि काही दिवसांनी तो बैल एकटाच चालत परत दावणीला येऊन उभा राहिला. वडिलांना प्रश्न पडला, आता घेणाऱ्याला तोंड काय दाखवायचं, आणि पोराला प्रश्न पडला, एवढा रस्ता ह्यानं डोक्यात ठेवला कुठं. तेच अजून शोधतोय म्हणाले. पोरं काय विचारतात, तर "सर, याला नीट लागते का?" दुसरा उठला, "सर, याला स्कोप हाय का?" तिसरा, "सर, उंदीर सरकार देतं का आपले आपण आणायचे?" आमच्याकडे पोराला स्वर्गात नेलं तरी ते दारातून विचारील, इथं स्कोप हाय का.

मग सिंधु नावाची मुलगी उठली, मागच्या बाकावरची, वर्गात कधी बोलत नाही. "मॅडम, समोरचं माणूस रडाय लागलं अन् आपल्यालाच रडू आलं तर?" पोरं हसली. मॅडम म्हणाल्या, "येतं. मला येतं. मग बाहेर जायचं, पाणी प्यायचं आणि परत येऊन बसायचं. परत येणं महत्त्वाचं." व्यंकटराव अध्यक्षांच्या खुर्चीतून म्हणाले, "पाण्याची सोय असेल तर." सगळं सभागृह हसलं. मीही हसलो. सिंधु खाली बसली नाही. म्हणाली, "हे शिकायला कुठं जावं लागतं?" नीट नाही, स्कोप नाही. कुठं जावं लागतं. मॅडम तिला सांगत राहिल्या आणि ती तळहातावर लिहीत राहिली.

आणि तेवढ्यात मुलींच्या रांगेतून शांतम्मा उठल्या. त्या कधी येऊन बसल्या, मला काही कळलं नाही. भर सभेत म्हणाल्या, "त्ये राहू द्या. घर पसंत पडलं का न्हाई, एवढं सांगा." माझी कानशिलं तापली. दगडोबा देवणीचे, कानडी येतं, त्यांच्या डोक्यात उजेड पडला. ते माइकवरच म्हणाले, "आजी, मने नाही. मन. मनाचे डॉक्टर." शांतम्मा बघतच राहिल्या. "म्हंजी भाड्यानं घेनार न्हाई?"

"नाही."

"मग माझं येवढं पाणी कशाला सांडवलं?"

पोरं बाकं बडवायला लागली. पंचशीला मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आजी, घर चांगलं आहे. पण ते खाली नाही."

"त्येच सांगायलेय मी ह्यांना," शांतम्मा म्हणाल्या, माझ्याकडे बोट केलं आणि बसल्या.

व्यंकटराव घाईनं उठून म्हणाले, "आता विरूपाक्ष सर आभार मानतील." मी उठलो. माइकपाशी गेलो. सगळं पाठ होतं, दगडोबांचा हुद्दा पाठ होता, आणि या वेळी साउंडवाल्याला तर मी पहिल्यांदाच घेणार होतो, अध्यक्षांच्याही आधी. त्याचं नाव मलप्पा, मुद्दाम विचारून ठेवलं होतं. तोंड उघडलं... आणि फाटकातून कुणीतरी ओरडलं, टँकर आला.

पुढचं काय सांगू तुम्हाला. पोरं गेली, पोरींनी ओढण्या कमरेला बांधल्या आणि गेल्या, शिक्षक गेले. "अध्यक्ष महोदय," म्हणून मी वळलो तर अध्यक्ष महोदय पायऱ्या उतरत होते. दगडोबा कुणाची तरी घागर धरायला धावले. सभागृहात राहिल्या पंचशीला मॅडम, खुर्चीत तशाच बसून. म्हणाल्या, "बोला सर. मी ऐकते." आता ऐकणारं माणूस होतं, माइक चालू होता. मी उभा राहिलो. कुणीतरी मान वर न करता काहीतरी म्हणेल म्हणून मी थांबलो होतो की काय, मलाच काही कळलं नाही.

"जावईबापू," शांतम्मा दारातून म्हणाल्या, "आता काय धुतलेली फरशी प्यायची का? घागरी धरा चला."

मी माइकपासून बाजूला झालो. मलप्पा वायर गुंडाळत वाट बघत होता. त्यानं विचारलं, "झालं का सर?" मी म्हणालो, "झालं."

झालं नव्हतं. साउंडवाला राहिला.