आकडा बरा असला तरी

मधुमेहाच्या दवाखान्यात, मनाच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर शिलाईवाल्या मावशी आपल्या नंबरची वाट बघत होत्या. शेजारची कॉलेजातली मुलगी उठून बाहेर निघाली, तशी पलीकडच्या आजोबांनी तिला हटकलं.

"अगं, पळतेस कुठे?"

"घरी. डिप्रेशन तिसऱ्यांदा आलंय, आजोबा. पुन्हा तेच उपचार नकोत."

"तिसऱ्यांदाच? माझी सहावी खेप."

"सहावी?"

"पहिल्या खेपेला वाटलं, साखर उतरली. मूठमूठ साखर खाल्ली."

"अय्या, मीसुद्धा! ग्लुकोजचा अख्खा डबा!"

"मग साखर आभाळात आणि मन तळाला."

"अगदी! आता कसं ओळखता?"

"आधी बोट टोचून बघतो. आकडा बरा असला आणि तरी रडू आवरेना, तर साखर बिचारी निर्दोष. मग सरळ इथे येतो."

"आणि जातं ते?"

"पाच वेळा गेलंय. गोळ्यांनी, डॉक्टरांशी बोलून. पण दर खेपेला वाटतं, आता नाही जायचं."

"आत्ताही वाटतंय?"

"वाटतंय ना. म्हणून तर आलोय."

मावशी दोघांचं बोलणं ऐकत होत्या. तेवढ्यात नर्सने मावशींचाच नंबर पुकारला.

"आधी हिला घ्या हो," मावशी मुलीकडे बोट दाखवत म्हणाल्या.

मुलगी आतल्या दाराशी थबकली.

"आजोबा, मी येईपर्यंत थांबाल?"

"थांबतो. जा तू."