लुगडं नेसून आठशे मीटर

तुम्ही हसाल, पण सासरी माझी पहिली परीक्षा झाली ती स्वयंपाकघरात नाही, शाळेच्या मैदानावर.

माझी नणंद प्राची तेव्हा विरारला दहावीत होती. शाळेने मंडप एकाच दिवसाचा सांगितलेला, त्यामुळे शर्यती आणि गॅदरिंग दोन्ही त्याच दिवशी. आठशे मीटरची फायनल संपली की लगेच कोळीनृत्य, आणि प्राची दोन्हीत. खेळाचे सर म्हणाले, "एक काय ते ठरव. कपडे बदलायला वेळ मिळणार नाही."

"मग बदलतच नाही," म्हणत प्राचीने मला वर्गात ओढत नेलं. "वहिनी, लुगडं आत्ताच नेसव. काष्टा सुटता कामा नये."

"आणि सुटला तर?"

"तर आई तुला विचारेल."

सासूबाई पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. मी काष्टा असा आवळला, की प्राची ओरडली, "अगं, श्वासापुरती तरी जागा ठेव!"

हिरव्या लुगड्यातली मुलगी धावायला उभी राहिली तेव्हा सगळं मैदान हसलं. दुसऱ्या फेरीला हसणं थांबलं. शेवटच्या वळणावर मात्र एकीने तिला मागे टाकलं. प्राची दुसरी आली आणि तशीच स्टेजवर चढली. नाच संपेपर्यंत ना पाऊल चुकलं, ना काष्टा हलला.

खाली उतरताच सर म्हणाले, "नाचाचा नाद सोडला असतास तर पहिली आली असतीस."

प्राची घाम पुसत म्हणाली, "सर, पहिली आलेली अजून मंडपामागे आडवी पडलीय. तिला कुठे नाचायचं होतं!"