डेनिसने धरलेली सीट

हसू नका गं, पण मी सायकल घेतली तेव्हा मला सायकल येतच नव्हती.

२०१७ची गोष्ट. मी परदेशात, वॉन शहरात एका वेअरहाऊसमध्ये कामाला होते. बस सोडायची तिथून पुढे चाळीस मिनिटं चालायचं. त्यात कंपनीने सांगितलं, सायकल आम्ही घेऊन देतो, पगारातून थोडे थोडे कापू. मी लगेच सही केली. म्हटलं, शिकू हळूहळू.

सायकल आली त्या दिवशी आमचे पगार काढणारी डेनिस म्हणाली, "चल, एक राउंड मारून दाखव."

"मला येत नाही."

"मग घेतलीस कशाला?"

"चालून चालून पाय गेले माझे."

ती हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज लंच ब्रेकला पार्किंग लॉटमध्ये ती मागून सीट धरून माझ्याबरोबर धावायला लागली. साठीला आलेली बाई! दोनदा तर आम्ही दोघीही सायकलसकट आडव्या झालो. गुडघे झटकून ती म्हणायची, "वन मोअर टाइम."

तिसऱ्या आठवड्यात मी एकटीने अख्ख्या लॉटला फेरी मारली. उतरले तेव्हा मला रडूच फुटलं. थँक्यू किती वेळा म्हणणार? मी सायकल तिच्यापुढे धरली. "आता तू चालव."

ती दोन पावलं मागे सरकली. "मी? मला कुठे येते सायकल!"

"अगं, मग मला कशी शिकवलीस?"

"शिकवलं कुठे? तू एकटी पडू नयेस म्हणून धरत होते."