बेहोश माणसाला सांगितलेली गोष्ट

— हाव, मीच तो. सात नंबरच्या खाटेवरचा बेहोश. घाबरू नका फादर, भूत न्हाई — हात लावून बगा, गरम हाय. सकाळी माझ्या उशाशी उभं राहून तुमी दुवा मागितली न्हाई का, मलप्पाला शांती दे म्हणून? लई चांगलं बोललात. मला बी ‘आमेन’ म्हणावं वाटलं, पण बेहोश माणसानं कसं म्हणावं? आन् आमी पडलो लिंगायत, गळ्यात लिंग — पण देवाला काय, माणूस बरोबर सापडला की झालं. बसा की जरा. पंचशीला सिस्टरनं आणून बसवलंय मला इथं लिंबाखाली, घरची मंडळी खानावळीत गेलीत तेवढ्यापुरतं. तिला पहिल्यापासून ठावं हाय. नर्सला कोण फसवणार? कानात येऊन म्हणली, ‘‘आजोबा, बेहोश माणूस लाडवाचं नाव काढल्यावर आवंढा गिळत न्हाई.’’ लोहा गावची हाय पोरगी. लई हुशार.

सोंग कशापायी? सांगतो, दमानं सांगतो. पहिले दोन दिस मी खरंच बेहोश होतो, छातीत पाणी झालतं. तिसऱ्या दिवशी जाग आली तर कानावर काय पडलं — थोरला लेक राजशेखर फोनवर इचारून राहिला, ‘‘खड्डा झाला का?’’ निलंग्याकडं आमचं शेत हाय, तिथं जेसीबी लावून माझा खड्डा खांदला की वो! डॉक्टर एवढंच म्हणलेते, श्वास आणखी बिघडला तर मशीन लावायची का न्हाई ते घरात इचार करून ठेवा. इचार राहिला बाजूला, जेसीबी आधी आला. आमच्यात माणसाला बसवून पुरतेत, मांडी घालून. म्हणून धाकटा वीरभद्र टेप घेऊन आला माप घ्यायला — माझे पाय धरून मांडी घालून बघतंय! डावा गुडघा बारा वर्षं झाली वाकत न्हाई माझा. कळ मस्तकात गेली, पण मी दात खाऊन गप. का? आता कसं उठावं सांगा — जंगमस्वामींना निरोप गेलेला, उदगीरच्या पाहुण्यांनी गाडी केलेली, जेसीबीवाला चहा पिऊन गेलेला. एवढ्या लोकांचा खोळंबा करून उठून बसायचं म्हणजे माणसाला लाज वाटती. म्हणलं, पडून राहू एखाद दिवस, जाऊ बी कदाचित. न्हाई गेलो. उलट भूक लागली.

हसा, हसा. पण खरी तकलीफ पुढंच हाय. बेहोश माणसापुढं लोक काय काय बोलतेत, तुमाला कल्पना न्हाई. माझी नातसून अंबिका — नातवाची, संगमेशची बायको. तीन वर्षांत माझ्याशी बोलली काय, तर ‘‘आजोबा, वाढलंय.’’ ते बी पदर पुढं ओढून. काल दुपारी वॉर्डात कुणी न्हाई, ती माझ्या पायाला तेल चोळत बसली, आन् बोलायला लागली. दिवस गेलेत तिला. थोरली पोरगी दोन वर्षांची, धाकटं आठ महिन्यांचं, पोटावरचा टाका अजून दुखतोय. मागच्या खेपेला रक्त लई गेलं, डॉक्टरीण म्हणलेली, इतक्यात पुन्यांदा नको. घरात कुणाला बोलली न्हाई, संगमेशला बी न्हाई. सोमवारी पाडून घ्यायला नांदेडला नंबर लावलाय, एकटीच जाणार. आन् मला इचारती — ‘‘आजोबा, मी पापी हाय का? काय करू सांगा ना.’’

मी काय केलं? घोरलो. जोरात घोरलो, फादर. तुमच्यात पडद्याआड बसून लोकांचं ऐकून घेतेत म्हणं — पण तुमी शेवटाला दोन शब्द तरी बोलता. मी नुसता घुर्र घुर्र. ती बिचारी म्हणली, ‘‘झोपा’’, आन् पाय झाकून गेली.

म्हणून तुमाला गाठलं. बोला, काय म्हणणं हाय तुमचं? ... हाव ... हाव. जीव देवाचा, पोटात आला तवापासून देवाचा, आपल्याला तो मोडायचा हक न्हाई. समजलं. आन् माझं? ... सुई टोचून मारणं ते बी पाप. बरं, मशीनच नको म्हणलं तर? ... चालतं? नुसती तकलीफच वाढणार असंल तर मशीन न लावता जाऊ देणं, ते मारणं न्हाई? अस्सं! म्हणजे तुमच्यात जायच्या दाराला फट हाय, यायच्या दाराला न्हाई. रागावू नका — शाळा शिकलो न्हाई मी, मला दारं-खिडक्या सांगितल्या तरच डोक्यात जातंय.

पंचशीलेला बी हेच इचारलं मी. ती म्हणली, ‘‘आजोबा, ज्याच्या अंगावर बेततं त्याला पुसा. पोटातल्याचा जीव जीव, आन् त्या पोरीचा काय दगड हाय? कायद्यानं मुभा दिलीय ती उगं न्हाई दिली. आन् जाणाऱ्याला बी पुसा की, सगळं त्याच्या लेकरांनीच ठरवायचं का?’’ ती हे बोलली तवा मला नागप्पा आठवला, चुलतभाऊ माझा. दोन वर्षं खाटेवर होता, पाठीला जखमा. येईल त्याला म्हणायचा, ढोरांच्या डॉक्टरला बोलवा, म्हशीला देतेत ती सुई द्या मला. आमी म्हणायचो, शिव शिव! — आन् शिव शिव म्हणून घरी जाऊन जेवायचो. तो तिथंच.

पण तुमचं बी खोटं न्हाई, फादर. रझाकाराच्या धामधुमीत माझ्या मायला दिवस गेले, घरात आठ तोंडं, खायला न्हाई. तिनं कच्ची पपई खाल्ली, दाईचा काढा घेतला. मी काय पडलो न्हाई — चिवट. तो हा बसलोय तुमच्यापुढं, भाकरी मोडतोय, पानतंबाखू खातोय, नातवंडं बघितली. मग म्हणावं, फादरच बरोबर. पर तीच माय पुढच्या बाळंतपणात गेली, मी दीड वर्षाचा. तवा तिला कुणी पुसलं असतं तर? ... मग म्हणावं, सिस्टर बरोबर. आत्यानं सांगितलेलं मला हे. मी कुणाला सांगितलं न्हाई कधी, बायकोला बी न्हाई. तुमच्या पांढऱ्या झग्याची करामत हाय ही, न्हाईतर माझ्या तोंडून निघत न्हाई.

काय? ... एकटीला सोडू नका म्हणता? लेकरू ठेवायचं म्हणली तर मिशनच्या बाया मदतीला येतील? हाव, सांगतो ते बी. सिस्टरचं बी सांगतो. पण त्याच्या आधी सांगायला पाहिजे की पोरी, मी घोरत नव्हतो, ऐकून राहिलो होतो. आन् ते सांगायचं म्हणजे शुद्धीवर यावं लागतं! तिथंच गाडी अडून बसलीय कालपासनं. डॉक्टरला बी मीच सांगतो, मशीन नको — निदान या गुडघ्याचं माप घेणारं तरी थांबंल. खड्डा? खड्ड्यात केळीचं रोप लावा म्हणावं, अर्धापूरहून आणा. पाहुण्यांना घड कापून द्या गाडीभाड्याचा.

ती बगा, फाटकातनं येऊन राहिली ती. अंबिकाच. डबा घेऊन एकटीच मागं फिरली दिसती. बगितलं तिनं मला. थबकली ... हात गेला बगा पदराकडं. आता मिटावेत का डोळे? मिटले तर अजून बी जमंल, बसल्याजागी गेला म्हणतील, बसवायचा तरास वाचला म्हणतील —

न्हाई. न्हाई मिटत.

अंबिका, ये पोरी. भिऊ नको, ये.

उठा फादर. दुवा मागायची तर तिकडं लांब जाऊन मागा. इथं तिला बसू द्या.